शेवाळ मॅडम

कूलरला नवी खस लावली की पहिले दोन दिवस घरभर ओल्या गवताचा वास फिरत राहतो. अकोल्यात हा वास म्हणजे एप्रिल संपत आल्याची खूण. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, खिडक्यांवर भिजवलेल्या चादरी चढतात, आणि आम्हा मास्तर-मास्तरणींच्या मोबाईलवर उन्हाळी परीक्षेचे आदेश येऊन पडू लागतात. कुणाला प्रात्यक्षिकाला बाहेरगावी जायचं असतं, कुणाला पेपर तपासायला. कितीतरी वर्षं मी हा वास आवडीनं घेतला. गेली चार वर्षं मात्र तो आला की मला अमरावतीतल्या एका खोलीतला कूलर आठवतो आणि तोंड कडू होतं.

यंदाचा आदेश धारणीचा होता. वनस्पतीशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा, बाह्य परीक्षक म्हणून मी. खाली अंतर्गत परीक्षकाचं नाव होतं, प्रणिता इंगळे.

मी तो आदेश तीनदा वाचला. नवऱ्याला म्हटलं, "तब्येतीचं कारण देऊन नाही म्हणू काय?"

"काहून? घाट लागते म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "घाट लागतो."

चार वर्षांपूर्वी पेपर तपासणीचं केंद्र अमरावतीला होतं. अकोल्याहून रोज जाऊन-येऊन पाच तास एसटीत, तेही मे महिन्यात, हे माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून राजापेठेत तीन आठवड्यांसाठी एक खोली घेतली. दोन लोखंडी पलंग, एक कूलर, एक गॅसची शेगडी. दुसऱ्या पलंगावर प्रणिता आली. धारणीच्या कॉलेजात शिकवायची, माझाच विषय, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. माहेर नांदगाव खंडेश्वरचं. लग्न झालेलं नव्हतं. उंच होती, पण उंची लपवायला खांदे पाडून चालायची. बोलताना माणसाकडे न पाहता त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहायची, त्यामुळे समोरचा एकदा तरी मागं वळून बघायचाच.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. तासाची घंटा झाली की ते मिटून कपाटात ठेवते. प्रणिता मात्र त्यातच राहायची. तिच्या पर्समध्ये कंगवा नव्हता, पण वर्तमानपत्राच्या कागदाच्या लहान लहान पुड्या होत्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. सगळं गवताचं बी. पवना, मारवेल, शेडा, कुसळी. रस्त्यानं चालता चालता ती एकदम थांबायची आणि नालीच्या काठाशी उकिडवी बसायची. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला ब्रेक दाबावा लागायचा. तिला ते कळायचंही नाही.

पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत आमचे मॉडरेटर सर आपल्या मुलीच्या लग्नाच्या मांडवाचं कौतुक सांगत होते. सगळे वा वा करत होते. प्रणिता म्हणाली, "सर, तुम्ही मांडवाले जी हिरवळ अंथरली म्हणता, ते प्लास्टिकची हाये. खरी असती तर तिसऱ्या दिवशी पिवळी पडली असती." सरांनी कप खाली ठेवला. ती चहा पीत राहिली. आपण काही वावगं बोललो हे तिला उशिरा कळलं, खोलीवर आल्यावर. मग तासभर पलंगाच्या कडेवर बसून होती.

"मी जावालेच नाई पाहिजे चहाले," म्हणाली. "मले समजतच नाई, लोकं कोणत्या गोष्टीवर बोलतात अन् कोणत्या गोष्टी नुसत्या ऐकाव्या लागतात."

त्या संध्याकाळी मी तिला ती मालिका सांगितली.

ती जपानी कार्टून मालिका माझ्या मोबाईलवर माझ्या भाचीनं टाकून दिली होती. "मावशी, एक भाग बघ, नाही आवडला तर पुसून टाक," म्हणाली होती. मी स्वयंपाकघरात भाजी परतता परतता एक भाग पाहिला, मग सगळे पाहिले, मग पहिल्यापासून पुन्हा पाहिले. घरात कुणाला सांगितलं नाही. चाळिशी ओलांडलेली, एका मुलाची आई, कॉलेजात सगळ्यांशी हसून बोलणारी बाई कार्टून पाहते, हे सांगायचं तरी कसं? स्टाफरूममध्ये मराठी मालिकांच्या गप्पा निघाल्या की मी त्यात मिसळून जायची.

डोंगरातल्या एका पावसाळी गावात हवामान खात्याचं छोटं केंद्र असतं. तिथं तीन बाया नोकरीला. एक शेवाळाची वेडी, दुसरी जुन्या रेल्वेगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असलेली, तिसरी कागदाचे किडे करून टेबलाच्या खणात भरून ठेवणारी. तिघींनाही माणसांची भीती. मग दुपारचे डबे पोचवायला एक नवा माणूस येऊ लागतो आणि शेवाळवाली बाई त्याला पाहून पर्जन्यमापकाच्या मागं लपते. तेरा भाग आहेत. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. पण मला ती का आवडली, ते सांगते. प्रेमात पडल्यावर त्या बाईचा चष्मा उतरत नाही, केस मोकळे सुटत नाहीत, ती एका गाण्यात सुंदर होऊन बाहेर येत नाही. ती शेवाळवालीच राहते. तो माणूसच हळूहळू शेवाळांची नावं शिकतो, आणि निम्मी चुकवतो.

नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी मला बाजूला घेऊन विचारावं.

"कार्टून?" प्रणिता म्हणाली. "मले?"

"एक भाग पाहा. नाही आवडला तर बंद कर."

मोबाईल उशीला टेकवून आम्ही दोघी एका पलंगावर बसलो. कूलरचा आवाज एवढा, की खालची इंग्रजी अक्षरं वाचूनच कळायचं. पहिला भाग संपेपर्यंत ती हसली नाही. मला वाटलं, फसलं. मग म्हणाली, "पुढचा लाव."

दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. शेवाळवालीला पाव आणायचा असतो. ती घरातून निघण्याआधी आरशासमोर उभी राहून तीन वाक्यं पाठ करते. नमस्कार. एक पाव द्या. धन्यवाद. दुकानात पोचल्यावर दुकानदार विचारतो, कापलेला हवा की अख्खा? हे वाक्य तिनं पाठ केलेलंच नसतं. ती तशीच पळून येते. प्रणिता एकदम हसली, एवढी मोठ्यानं की घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, काय झालं वो? आणि हसता हसता माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी बी करते हे! एसटीत कंडक्टर येवाच्या आधी मनात चार-पाच खेपा म्हणून पाहते, धारणी एक, धारणी एक. अन् तो म्हणते सुट्टे आहेत काय, की संपलं माहं."

त्याआधी ती मला मॅडम म्हणायची. ताई तिथून सुरू झालं.

मग रोजचंच झालं. दिवसभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तेच प्रकाशसंश्लेषण शंभर हस्ताक्षरांतून, बोटांना लाल शाई. संध्याकाळी परत येताना रसवंतीत बर्फ घातलेला उसाचा रस, मग खोलीवर भात-पिठलं, आणि एक भाग. फक्त एकच, असं आम्ही ठरवलं होतं, लवकर संपू नये म्हणून. आज ते दिवस आठवले की वाटतं, माझ्या वयाच्या बाईला नवी मैत्रीण मिळते तेव्हा ती अशीच मिळत असावी, उशीला टेकवलेल्या मोबाईलसमोर, एकाच वेळी हसताना.

आणि त्याच आठवड्यात राऊत सर आले. म्हणजे ते होतेच, रसायनशास्त्राच्या हॉलमध्ये, वाशीमकडचे. चाळिशीचे, एकटे, कमी बोलणारे. चेहऱ्यावर कायम एक अर्धवट हसू, फोटो काढताना ठेवतात तसं. चहाच्या सुट्टीत प्रणिता आपल्या पुड्या लावत बसली होती, त्यांनी विचारलं, "हे काय आहे, मॅडम?"

हे वाक्य तिनं पाठ केलेलं नव्हतं. पण ती पळाली नाही. तिनं एका पुडीतून कुसळीचं एक बी काढलं, लांब काळ्या शेपटीचं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. शेपटी हळूहळू गोल फिरायला लागली. राऊत सर हात जराही न हलवता पाहत राहिले.

"पाऊस पडला की असं फिरून ते सोताच जमिनीत शिरते," ती म्हणाली. तिच्या लक्षात आलं नसेल, पण मी पाहिलं, ती भिंतीकडे पाहत नव्हती.

त्यानंतर रोज पाचेक मिनिटं ते बोलायचे. खोलीवर आल्यावर ती मला सगळं जसंच्या तसं सांगायची. एका संध्याकाळी म्हणाली, "ताई, मी त्यायले चहा देऊ काय नेऊन? सगळ्यायसमोर?"

"दे की."

"काय म्हणू?"

आम्ही तालीम केली. मी राऊत सर झाले. ती स्टीलचे दोन रिकामे पेले घेऊन दारातून आली. "सर, चहा घ्या." एवढंच वाक्य. ते तिनं सात-आठ वेळा म्हटलं. मी मुद्दाम विचारलं, "साखर किती आहे?" आणि ती पेले टाकून पलंगावर लोळून हसली. आमच्या खोलीतच एक भाग चालू होता जणू, आणि मला त्याचा शेवटही माहीत होता.

गुरुवार होता. चहाच्या सुट्टीत मी लवकर बाहेर आले आणि खांबाला टेकून, कानात इअरफोन घालून, मागचाच एक भाग पुन्हा पाहत उभी राहिले. दोन मिनिटांपुरतं. मॉडरेटर सर मागून केव्हा आले, कळलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"काय मॅडम, कार्टून पाहून राहिल्या? लहान झाल्या काय परत?"

पंधरा-वीस जणांनी वळून पाहिलं. त्यात माझ्या कॉलेजचे तिघं होते. माझे कान तापले. आणि त्या एका क्षणात मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"माझं नाही हो सर," मी हसून म्हणाले. "आमच्या इंगळे मॅडमसाठी आणलं. सगळ्या त्यांच्यासारख्याच बाया आहेत त्यात. लग्न नाही, कुणाशी बोलता येत नाही, एक तर शेवाळ गोळा करत फिरते. आरशासमोर वाक्यं पाठ करून मग माणसासमोर जातात."

हशा झाला. मॉडरेटर सर म्हणाले, "मग आमच्या शेवाळ मॅडम बी पाठ करतात काय?"

"विचारा त्यांनाच," मी म्हणाले.

विचारायची गरज नव्हती. प्रणिता चहाच्या टेबलापासून चार पावलांवर उभी होती. दोन्ही हातांत दोन कप. तिच्या समोर राऊत सर, चेहऱ्यावर तेच अर्धवट हसू. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही कप टेबलावर ठेवले, सांडू न देता, आणि आत जाऊन आपल्या गठ्ठ्यावर बसली. त्या दिवशी तिचे पेपर सगळ्यांत आधी संपले.

संध्याकाळी खोलीवर मी बोलत राहिले. अगं मजेत बोलले, लोकं विसरून जातील, मॉडरेटर सर तसे वाईट नाहीत. ती बॅग भरत होती.

"उद्यापासून मी नांदगावाहून अपडाऊन करते, मॅडम."

मॅडम. मी म्हटलं, "एवढ्याशा गोष्टीवरून?"

ती पुड्यांना रबर लावत होती. रबर तुटलं. तिनं दुसरं घेतलं. "ते कार्टून तुमचं होतं ना?" ती म्हणाली. "तुमाले आवडे. मग माह्या नावावर काहून टाकलं?"

मी तिच्या पलंगावरची चादर घडी घालायला घेतली.

"मालिका चांगली सांगतली तुमी. माह्यासाठी तेवढं कोणी काही सांगतलं नोतं कधी." मग बॅगेची चेन ओढून म्हणाली, "पण मले तुमी खोलीत सांगतली होती."

त्यानंतरचा दीड आठवडा ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसली. शेवाळ मॅडम हे नाव मात्र तिच्या आधी तिथं पोचलं होतं. शिपाईसुद्धा गठ्ठा देताना म्हणे, शेवाळ मॅडमकडे द्यायचा का? मी ऐकायची आणि खाली मान घालून गुण मांडायची.

शेवटच्या दिवशी राऊत सर माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम," म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो नव्हतो. माझा चेहराच असा आहे. इंगळे मॅडमना सांगाल का? मी दोनदा गेलो, त्या उठून गेल्या."

"सांगते," मी म्हणाले.

नाही सांगितलं. नंबर होता माझ्याकडे. अकोल्याला आल्यावर दोनदा लिहिलं आणि पुसलं. तिला ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं. पाऊस लागला, कॉलेज सुरू झालं, मी मनाला म्हटलं, आता उशीर झाला. उशीर झाला हे वाक्य किती सोयीचं असतं! ते म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही. मालिका मी पुन्हा कधी लावली नाही. भाचीनं विचारलं तर म्हटलं, मोबाईल बदलला, गेली.

म्हणून यंदाचा आदेश मी तीनदा वाचला. आणि गेले.

परतवाड्याच्या पुढं घाट लागला तशी झाडं विरळ नाही, उघडी होत गेली. सागाची पानं सगळी गळून रस्त्यावर. गाडी त्यांच्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज. शेजारची बाई मांडीवर कोंबडी घेऊन झोपलेली. मी खिडकीला डोकं टेकवून वाक्यं जुळवत होते. प्रणिता, मला माफ कर. प्रणिता, तुझ्याशी थोडं बोलायचं आहे. प्रणिता, राऊत सरांनी. एकही वाक्य धारणीपर्यंत टिकलं नाही.

ती कॉलेजच्या दारातच उभी होती. केस कानाजवळ पांढरे झालेले. "या मॅडम. प्रवास बरा झाला?" माझ्याकडे बघून बोलली, भिंतीकडे नाही. ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

प्रयोगशाळा पाहून मी थबकले. तीन भिंतींना दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर गवताच्या जुड्या, प्रत्येकीखाली मराठी नाव, तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेतलं नाव, शास्त्रीय नाव. मुलींनी जमवलेलं होतं. तोंडी परीक्षेला एक मुलगी आली, ती काही बोलेचना. मी दोन प्रश्न विचारले, मग शून्याकडे पेन नेला. प्रणिता हलकेच म्हणाली, "तिले विचारू नका. तिच्या हातात द्या." आणि दोरीवरची एक जुडी काढून मुलीच्या हातात दिली. मुलगी त्या गवताशी बोलल्यासारखी बोलली, दहा मिनिटं. त्यातलं निम्मं मला नवीन होतं. मी पूर्ण गुण दिले. ती उपकाराची भावना नव्हती. द्यावेच लागले.

चार वाजता ती मला बसस्टँडवर सोडायला आली. गाडीला वेळ होता. पत्र्याखाली ऊन तसंच. लोक बिडीच्या तेंदूपानांच्या पोत्यांवर बसलेले. मी म्हणाले, आणि एकदम म्हणाले, कारण जुळवलेलं काहीच उरलं नव्हतं, "राऊत सर हसले नव्हते, प्रणिता. त्यांनी मला तुला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. चार वर्षं."

तिनं मान हलवली. "मले माहीत हाये. त्यायनं कॉलेजच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं, दिवाळीच्या आधी."

"मग?"

"मग काय. उत्तर लिवलं. चांगलं नाई वाटलं, फाडलं. परत लिवलं. असं करता करता साल गेलं. मग समजलं, त्यायचं लग्न झालं." ती समोरच्या गाडीची पाटी वाचत होती. "मेमध्ये समजलं असतं तर मी तोंडानंच बोलली असती. तेव्हा माह्यात हिंमत होती. आठ दिवसांची होती, पण होती."

मला रडू आलं. तिला ते आवडलं नसावं, ती थोडी बाजूला सरकली. मी माफी मागितली. त्या दिवशी जे बोलले ते भीतीनं बोलले, माझी मला लाज वाटली म्हणून बोलले, हे सगळं सांगितलं. तिनं मध्ये तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो. मी तेव्हाच समजली होती ते." माफ केलं असंही म्हणाली नाही, नाही केलं असंही नाही. ताई म्हणाली नाही.

परतवाड्याची गाडी लागली. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि कसं कोण जाणे, विचारलं, "ती मालिका पूर्ण पाहिलीस का गं नंतर?"

"नाई. आपण जिथं थांबलो, तिथंच थांबली."

"सहा भाग राहिलेत. भाचीकडून मागवून देऊ? शेवटी काय होतं माहितेय, तो डबेवाला..."

"नका सांगू," ती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, पण कंडक्टरनंही वळून पाहिलं. "मी पाहीन कधी. पण एकटीच पाहीन."

गाडी सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती, धुळीत काहीतरी शोधत. वर पाहील म्हणून मी वळणापर्यंत हात वर धरून ठेवला होता. तिनं पाहिलं नाही.